मध्ये पडायचं नाही

आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टला एक गचका बसला आणि ती थांबली. फार मोठा गचका नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कपातली कॉफी काठापर्यंत आली आणि परत खाली गेली, इतकाच. तिने 'च्च' केलं, अकराचं बटण पुन्हा दोनदा दाबलं आणि फोनमध्ये बघत राहिली. तो मात्र छताकडे बघत होता. गेली चार वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत होता. त्यामुळे त्या बाईला जिथे नुसती शांतता वाटत होती तिथे त्याला बरंच काही ऐकू येत होतं. वर ब्रेक बसल्याचा ठोका, मशीनच्या खोलीत कुठेतरी चाललेली टिकटिक, ताणून धरलेल्या दोरांची बारीक कुरकुर. बुटांखालची फरशी एका पत्र्यावर चिकटवलेली आहे आणि त्या पत्र्याखाली आठ मजले काही नाही, हे त्याला एकदम तळव्यांतून समजलं. नजर कुठेतरी ठेवायला हवी म्हणून त्याने ती दाराशेजारच्या छोट्या चौकटीवर ठेवली. चौकटीत तपासणीचं कार्ड होतं. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात सह्या. सह्या त्याच माणसाच्या, मास्तरांच्या होत्या. त्यांची सही तो झोपेतही ओळखला असता. वरच्या सह्या एका झटक्यात केलेल्या, खाली दोन ठिपके. मग मधल्या कुठल्यातरी महिन्यापासून रेघेत कापरं शिरलं होतं आणि तारखांबरोबर ते वाढत खाली आलं होतं. शेवटची सही खडबडीत रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीत बसून केल्यासारखी होती. ठिपके कागदाबाहेर पडले होते.

लिफ्ट हलली. अकराव्यावर दार उघडलं. "जुनी झालीय," बाई उतरताना म्हणाली. "हो," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग जवळजवळ उडी मारूनच बाहेर पडला.

वाहिनीसाठी फिल्म विकत घेणारी अधिकारी त्याच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असावी. तिच्या काचेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्याएवढा मोठा ग्लास होता. ती त्याला सर म्हणत होती. आजवर त्याला सर म्हणणाऱ्या बहुतेकांनी पुढच्या वाक्यात नकार दिला होता, त्यामुळे तो खुर्चीच्या टोकावरच बसला.

"सर, खरं सांगते. पहिल्यांदा बघताना मी मध्येच उठले," ती म्हणाली. "फिल्म सुंदर आहे. पण एक माणूस लिफ्ट दुरुस्त करतो, जेवतो, पुन्हा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांनी हे का बघायचं? मग दुसऱ्यांदा बघताना मला तो हात दिसला."

"कुठला हात?" त्याने विचारलं. कुठला ते त्याला माहीत होतं.

"त्यांचा उजवा. पाना धरतात तेव्हा. सुरुवातीला नाही, नंतर नंतर. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, ते मला फार आवडलं." तिने खुर्ची पुढे ओढली. "सगळे मला विचारतात, माहितीपटात पैसा आहे का. मी म्हणते, आहे. फक्त तो कुठे असतो ते माहीत पाहिजे. बघणाऱ्याला जे कळलेलं असतं आणि पडद्यावरच्या माणसाला कळलेलं नसतं, त्या दोघांमधल्या फटीत तो असतो. तुमच्याकडे ती फट आहे. आणखी सहा महिने त्या हाताच्या मागे राहा. त्यांना तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"सांगू नका, असं मी म्हणत नाही हं. मी कोण सांगणारी? पण तुम्ही कधी मध्ये पडत नाही, हीच तर तुमची ओळख आहे." मग तिने एका कागदावर आकडा लिहिला आणि कागद त्याच्याकडे फिरवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच असा आकडा त्याच्यासमोर आला होता की खर्च वजा जाऊन काही उरावं. नुसतं उरणार नव्हतं, चांगलं उरणार होतं. त्याने कागद उचलला नाही.

"समजा, या सहा महिन्यांत काही झालं तर?"

"काय होणार?"

"अपघात."

तिचा चेहरा खरंच उतरला होता, ते नाटक नव्हतं. मग त्याची समजूत काढावी तशा आवाजात ती म्हणाली, "तसं काही न होवो. पण झालंच, तर तुम्ही तिथे असाल, सर."

अकरा मजले तो जिन्याने उतरला. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत. ती शेवटचं वाक्य बोलली तेव्हा तो दचकला नव्हता, आणि आता त्याला याचंच भय वाटत होतं. ते वाक्य ओळखीचं होतं. गेले आठ महिने ते त्याच्याच आत कुठेतरी अंथरूण घालून पडलेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी, कपडे ठेवायच्या छोट्या खोलीत, जिथे आता त्याचं संकलनाचं टेबल होतं, तो जुनं चित्रण बघत बसला होता. मास्तर एका खोक्याचं झाकण काढत होते आणि पान्याचं टोक नटावर बसताना एकदा, दोनदा, तीनदा घसरलं. त्याने ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. नऊ वेळा पाहिलं. मग त्याच्या छातीत काहीतरी उसळलं आणि तो ओरडला, "सापडलं." बायको ओल्या हातांनीच धावत आली. "किल्ली?" तिने विचारलं. कपाटाची किल्ली दोन दिवस सापडत नव्हती. "किल्ली नाही, फिल्म सापडली," तो म्हणाला. "बरं झालं," असं म्हणून ती पुन्हा किल्ली शोधायला गेली. छातीतली ती उसळी आनंदाची होती. एका माणसाचा हात निकामी होत चाललाय हे दिसल्यावर त्याला पहिल्यांदा आनंद झाला होता. नंतर त्याने त्या आनंदावर कायकाय पांघरलं. थंडी असेल. वय असेल. मी काही डॉक्टर नाही. कंपनी तपासण्या करतच असेल. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत जाड, ते जुनं पांघरूण, ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला त्यांचं: आपण भिंत आहोत, भिंतीने मध्ये पडायचं नाही. हे पांघरूण त्याने वर्षानुवर्षं वापरलं होतं. आधीच्या एका फिल्मच्या वेळी छापखाना बंद पडला त्या दिवशी अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी खिळ्यांच्या पेटीवर डोकं ठेवून रडत होता, तेव्हा त्याने एक पाऊल जवळ न जाता फक्त लेन्स जवळ नेली होती. त्या दृश्याची लोकांनी फार तारीफ केली. काचेचं एक सन्मानचिन्ह मिळालं. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून बायको ते मध्ये लावत असे.

सातव्या मजल्यावर त्याला बसावं लागलं. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. भिंतीपलीकडून लिफ्ट वर जात होती, मग खाली येत होती, आणि दर खेपेला तिच्यात कोण असेल याचा विचार त्याला आवरत नव्हता. ऑफिसातली माणसं. कॉफीचे कप. कुणाचे तरी वडील. आठ महिन्यांत मास्तरांचा हात किती लिफ्टना लागला असेल? तीस? साठ? तो पायरीवर बसला होता आणि शहरभर दारं उघडत होती, मिटत होती, आणि माणसं आत पाऊल टाकत होती. आत पाऊल टाकताना कुणी खाली बघत नाही.

घरी बायको नुकतीच आली होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. एकोणीस वर्षं घर तिच्या पगारावर उभं होतं, आणि हे तिने एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं. म्हणायचं काम तिचा भाऊ करायचा. "भाऊजी, सिनेमावाल्यांच्या दारात गाड्या उभ्या असतात. तुमच्या दारात तुमचीच सायकल, तीही पंक्चर. तुमच्या माहितीपटात माहिती दुप्पट आणि पैसा पावपट, असं आहे का?" सगळे हसायचे, तोही हसायचा. आज त्याने आकडा सांगितला तेव्हा बायको एक चप्पल पायात आणि एक हातात अशी तशीच स्टुलावर बसली.

"म्हणजे मी रविवारची ड्यूटी सोडू शकते?" ती म्हणाली.

"सोडू शकतेस."

"दादाला मी स्वतः सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस." ती हसली, मग डोळे पुसले, मग त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझा चेहरा असा का झालाय?"

त्याने भलतंच विचारलं. "रक्त घेताना तुला कधी आधीच कळतं का? रिपोर्ट यायच्या आधी?"

"कधी कधी. माणसाच्या रंगावरून कळतं. सुई टोचल्यावर ज्या तऱ्हेने बसतो त्यावरून कळतं."

"मग सांगतेस त्याला?"

"मला कशी परवानगी असेल? मी त्याच्या डॉक्टरांना फोन करते. म्हणते, याचा आधी बघा."

"लगेच?"

"लगेच नाही तर कधी?" तिने दुसरी चप्पल काढली आणि ती आत गेली. तिने सहज विचारलं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, ती काहीतरी गुणगुणत होती. ती गुणगुणत असताना तिला हे सगळं सांगणं त्याला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होते. तो तिथेही जिन्यानेच गेला. खोलीत तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता, आणि मास्तर उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून थर्मासमधून चहा ओतत होते. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, मानेने जाड माणूस. मास्तर हे नाव त्यांना कंपनीतल्यांनी दिलं होतं, कारण कंपनीतले निम्मे मेकॅनिक त्यांनीच शिकवलेले. ते डाव्या हाताने चहा ओतत होते. उजवा हात खिशात होता. आजवर तो हात खिशात का असतो, हे दिसत असूनही तो त्याकडे निव्वळ सवय म्हणून बघत आला होता.

"आज डोळा कुठे ठेवलात?" मास्तरांनी विचारलं. कॅमेऱ्याला ते डोळा म्हणायचे.

"घरी."

"तब्येत बरी आहे ना?"

"मास्तर, तुमच्या हाताबद्दल बोलायचं होतं."

मास्तरांनी चहा ओतलेलं थर्मासचं झाकण खाली ठेवलं. मोटर फिरू लागली. खाली कुणीतरी लिफ्ट बोलावली होती. मग त्यांनी खिशातून हात काढला आणि मांडीवर ठेवला. हात मांडीवर पडल्या पडल्या हलत होता. फडक्यात बांधलेली चिमणी हलावी तसा.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."

"आजच दिसलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं की संपलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याला कालचं कार्ड आठवलं नाही, अधिकारी बाई आठवल्या नाहीत, फक्त आपण एका मोकळ्या जागेच्या काठावर उभे आहोत आणि मागून कुणी धरलेलं नाही, एवढंच जाणवलं. "आठ महिन्यांपासून," तो म्हणाला.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. चिडलेले नव्हते, हिशेब न लागणाऱ्या माणसासारखे बघत होते. "मला वाटायचं, हे माझं मलाच वाटतंय," ते सावकाश म्हणाले. "बायको म्हणायची, दाखवून घ्या. मी तिला सांगायचो, तो फिल्मवाला रोज माझ्या हातावर डोळा लावून बसलेला असतो. मोठा करून करून बघतो. काही असतं तर बोलला नसता का? चांगला माणूस आहे तो. तिलाही ते पटायचं. मलाही पटायचं." ते थांबले. "रोज काम सुरू करायच्या आधी मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुमचं तोंड साधं असलं की म्हणायचो, चला, आज ठीक आहे."

चार वर्षं तो समजत होता की बघणारा आपण एकटे. समोरचा माणूस आपल्या चेहऱ्यावर स्वतःची नाडी बघतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने तो चेहरा साधा ठेवला होता. मुद्दाम. कॅमेऱ्यामागे चेहरा कसा कोरा ठेवावा हे शिकायला त्याला वर्षं लागली होती, आणि त्या कौशल्याचा त्याला अभिमान होता.

"का नाही बोललात?" मास्तरांनी विचारलं.

"फिल्म," तो म्हणाला.

मास्तरांनी मान डोलावली, जणू एखादा सुटा भाग कुठे बसतो ते समजलं. "डोळ्यात आहे ते सगळं?"

"आहे."

"दाखवा मला."

त्या दुपारी कपडे ठेवायच्या खोलीत दोघं खुर्च्या लावून बसले. मास्तर पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. पहिल्या दृश्यात ते हसले. चार वर्षांपूर्वीचे ते स्वतः विजेरी दातांत धरून काम करत होते. मग हसणं थांबलं. एका ठिकाणी ते म्हणाले, "मागे घ्या." त्याने मागे घेतलं. "हा स्क्रू मी घट्ट केला, असं मला पक्कं आठवतंय. हे बघा, पेचकस निसटलाय. मी झाकण लावून मोकळा." त्यांनी खिशातून वही काढली, डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत इमारतीचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "पुढे." संध्याकाळपर्यंत वहीत अकरा नावं झाली होती. हे अकरा फक्त कॅमेऱ्यासमोर घडलेले. कॅमेरा नव्हता त्या दिवसांचं काय, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. बायको कामावरून आली, दारात उभी राहिली, पडद्यावरचा हात पाहिला, खुर्चीतल्या माणसाचा हात पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिला विचारावं लागलं नाही. माणसांच्या अंगावरून ओळखण्यात तिची हयात गेली होती. तिने दोघांसमोर पाणी ठेवलं आणि ती आत गेली. आज गुणगुणणं नव्हतं.

मास्तरांनी स्वतः जाऊन कंपनीच्या व्यवस्थापकाला सांगितलं. व्यवस्थापक आधी हसण्यावारी नेऊ लागला, मग वही बघून त्याचा रंग गेला. मास्तरांच्या हातून हत्यारं काढून घेण्यात आली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मास्तर ते नाव उच्चारत नसत, "ते जे काय आहे ते," एवढंच म्हणत. त्यांनी कंपनीकडून दोन आठवडे मागून घेतले. अकराच्या अकरा ठिकाणी आपण उभे राहणार आणि बाकीचीही जमेल तेवढी बघणार, असं त्यांनी ठरवलं होतं. हात चालवायला त्यांनीच शिकवलेला एक मेकॅनिक होता, चाळिशीचा, ज्याला सगळे लांब्या म्हणायचे. आणि कुठल्या लिफ्टच्या कुठल्या मजल्यावर नेमकं काय झालं ते चित्रणात बघून सांगायला तो, फिल्मवाला. मास्तर त्याच्याशी थेट बोलत नसत. "त्यांना विचार, कुठला मजला," असं लांब्याला म्हणत, आणि तो स्वतः दोन हातांच्या अंतरावर उभा असे. लांब्या बिचारा या बाजूला मान वळवी, मग त्या बाजूला. "दुसरा मजला म्हणतात ते," तो सांगे. फिल्मवाल्याला मास्तर आता कुठल्याच नावाने हाक मारत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन गेला. का घेऊन गेला, हे त्याने स्वतःला अनेक रीतींनी समजावलं: नोंद राहावी, पुरावा असावा. त्याने कॅमेरा खांद्यावर घेतला मात्र, मास्तर चालत जवळ आले आणि त्यांनी उजवा पंजा लेन्सवर ठेवला. काचेवर त्यांची बोटं टकटक वाजत होती आणि तो आवाज कॅमेऱ्याच्या धातूतून थेट त्याच्या गालाच्या हाडात शिरत होता. पंजा काढल्यावर त्याने कॅमेरा पिशवीत घातला.

आठवड्याच्या शेवटी अधिकारी बाईंचा फोन आला. तो एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसला होता. त्याने सगळं सांगून टाकलं.

"सर, हे सगळं तुम्ही चित्रित करताय ना?"

"नाही."

"अजून वेळ गेलेली नाही. उद्यापासून करा. गप्प राहिलेला दिग्दर्शक आणि त्याचा माणूस, दोघं मिळून लिफ्टमागून लिफ्ट तपासत फिरतायत. हे तर आधीच्यापेक्षा कितीतरी..." तिचा आवाज खरोखर भरून आला होता. ती वाईट बाई नव्हती.

"ते नाही म्हणाले."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"विचारलं होतं," तो म्हणाला, आणि ते मोठ्याने ऐकल्यावर त्याची कानशिलं गरम झाली.

"मग आपण थांबू या," ती म्हणाली. करार आला नाही. बायकोने भावाला आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे तिला पुन्हा फोन करून ते मागे घ्यावं लागलं. फोनवर ती इतकंच म्हणाली, "नाही जमलं रे, दादा." पलीकडून काय विनोद झाला ते त्याला ऐकू आलं नाही. रविवारी सकाळी ती नेहमीसारखी डबा भरून कामाला गेली. जाताना म्हणाली, "आज कितवी इमारत?" "नववी," तो म्हणाला. "नीट बघा," ती म्हणाली.

नववी इमारत दवाखान्यांची होती. चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन डॉक्टर, रविवारी दुपारपर्यंत चालू. चित्रणात इथे मास्तर तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कुलपाशी काम करत होते. लिफ्ट समोर नसताना बाहेरचं दार उघडता येऊ नये म्हणून जे कुलूप असतं, ते. लांब्या खाली 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी लावत होता, वीज तोडत होता. मास्तर आणि तो जिना चढून तिसऱ्यावर आले. दारासमोर एक तरुण बाई उभी होती. तिच्यापुढे बाबागाडी, गाडीत वर्षाची असेल अशी मुलगी झोपलेली. बाई एका हाताने गाडी पुढेमागे करत होती. पुढे केली की पुढची चाकं दाराच्या पत्र्याला लागत आणि पत्रा हलकासा खणखणत होता.

"बंद केलीत का तुम्ही?" ती म्हणाली. "मी दहा मिनिटं बटण दाबतेय. हिला ताप आहे. तुमची ही लिफ्ट जेव्हा बघावी तेव्हा बंद."

"बाई, जरा मागे व्हा," मास्तर म्हणाले.

"अहो, पण..."

"मागे व्हा."

ती गाडी घेऊन मागे झाली. मास्तरांनी डाव्या हाताची दोन बोटं दाराच्या कडेला लावली आणि ओढली. जोर लावला नाही. दार उघडलं. कपाटाचं दार उघडावं तसं, आवाज न करता. आत लिफ्ट नव्हती. काळा चौकोन होता, मधोमध तेलकट दोर, आणि खालून येणारा थंड, शिळा वारा. बाबागाडीवरचं पातळ कापड त्या वाऱ्याने हललं.

बाईने आत पाहिलं, मग गाडीच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं, आणि तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला. आणि त्या क्षणी, त्याच क्षणी, त्याच्या डोक्यातल्या कशाने तरी चौकट आखली: डावीकडे गाडी, उजवीकडे तो काळा चौकोन, मध्ये बाईचा हात, मागे जिन्यावरून येणारा उजेड. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं दृश्य होतं. त्याला ते ठाऊक होतं. हात खांद्याकडे अर्धवट गेलाही होता आणि तिथे काही नव्हतं. त्याला खोल दरीत बघितल्यावर वाटतं तसं वाटलं, पण तो बघत होता ते त्या चौकोनात नव्हे. असं काहीतरी आपल्यात आहे आणि ते कधी जाणार नाही, आठ महिने ते जागं होतं आणि आताही जागं आहे, एवढं त्याला स्वच्छ कळलं.

मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ टेकवून ते उभे राहिले, दोन्ही हात पसरून. उजवा हात पत्र्यावर वाजत होता. "लांब्या, वर ये," त्यांनी जिन्याकडे हाक दिली. मग मान वळवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्या दुपारनंतर पहिल्यांदाच थेट. "तुम्ही यांना खाली नेऊन सोडा. जिन्याने."

त्याने बाबागाडीचा पुढचा दांडा धरला, बाईने मागचा. तो उलटा, पाठ खाली करून, पायऱ्या चाचपत उतरू लागला. गाडी वजनाने फारशी नव्हती, पण त्याला ती पेलवेना. हात कापत होते. त्याने दांडा आणखी घट्ट धरला तेव्हा ते आणखी कापू लागले आणि गाडीची सैल चाकं कडकड वाजायला लागली. त्या आवाजाने मुलगी जागी झाली. तापाने लाल झालेले डोळे उघडून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, एकटक, जशी लहान मुलं बघतात. हा चेहरा आता कसा दिसतोय याची त्याला कल्पना नव्हती. तो साधा ठेवायचं त्याला सुचलं नाही. दुसरा मजला गेला. पहिला गेला. लांब्या धापा टाकत वर गेला, त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला चिकटले. तळमजल्यावर सपाट फरशी पायाखाली आली तेव्हाही तो एक पायरी आहे असं समजून पाय चाचपत राहिला. दारातून रस्त्याचं ऊन आत आलं होतं. बाईने तिची बाजू खाली टेकवली आणि वाट पाहिली.

"पोचलो आपण," ती म्हणाली. "सोडा आता."

त्याला ऐकू आलं. त्याने मान हलवली. दांड्यावरची बोटं मात्र उघडत नव्हती, आणि शेवटी त्या बाईनेच वाकून ती एकेक करून सोडवली.